विझल्या मेणबत्तीचा वास

प्रिय माई,

मी सतरा वर्षांची आहे, बारावीला. आम्ही मूळचे वसईजवळच्या एका गावचे, कॅथोलिक. पप्पा लग्नाआधी नोकरीसाठी बडोद्याला आले आणि इथलेच झाले. घरी आम्ही कादोडी ही वसईकडची बोली बोलतो, शाळा इंग्रजी, चर्चमधली मिस्सा गुजरातीत. रोज साडेसातला रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. त्या वेळी कोणी बेल वाजवली तरी पप्पा दार उघडत नाहीत.

मला काही गोष्टी आधी कळतात. आठ वर्षांची असताना जेवताना मी म्हणाले, मोठे काका पडले. तासाभराने गावाहून फोन आला, काका गेले. त्यानंतर असं पाच-सहा वेळा झालं. आधी मला विझलेल्या मेणबत्तीचा वास येतो, पोटात काहीतरी वर चढल्यासारखं होतं, मग कळतं. २०२४ च्या पुराच्या आदल्या दिवशी मी पप्पांना म्हटलं, स्कूटर वर सोसायटीच्या ओट्यावर चढवा. ते ओरडले. दुसऱ्या दिवशी स्कूटर सीटपर्यंत पाण्यात होती.

पाणी ओसरल्यावर पप्पांनी एका प्रार्थना गटाच्या लोकांना घरी बोलावलं. सात जणांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून तीन तास प्रार्थना केली आणि माझ्यातल्या कोणालातरी 'बाहेर नीघ' म्हणून सांगत राहिले. माझा मोबाइल काढून घेतला. कन्फेशनमध्ये सांगितलं तर फादर म्हणाले, प्रार्थना कर आणि याबद्दल कोणाशी बोलू नकोस. पण मम्मी मला गुपचूप विचारते, मामाला कॅनडाचा व्हिसा मिळेल का. वसईची मावशी मम्मीच्या फोनवर मला बोलावून विचारते, वाडी आत्ता विकू की थांबू. आजीलाही असंच कळायचं, असं मम्मी एकदा बोलून गेली आणि पप्पा ताटावरून उठले.

गेल्या महिन्यात पप्पा ट्रेनने गावी निघाले त्या सकाळी मला तो वास आला. मी काहीच बोलले नाही. तीन रात्री झोपले नाही. पप्पा सुखरूप परत आले, माझ्यासाठी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी घेऊन. मला ती खाववली नाही. मी पापी आहे का? काका माझ्या बोलण्यामुळे गेले का? आणि हे बंद कसं करायचं?

फतेहगंजच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारी

—

पोरी,

नाही, तू पापी नाहीस, आणि काका तुझ्या बोलण्यामुळे गेले नाहीत. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढचं वाचताना तुझ्या मनात तेवढंच घोळत राहिलं असतं. तिसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल, दम धर.

आपल्या भाषेत 'कळणं' आणि 'करणं' यांत एका अक्षराचा फरक आहे, आणि त्या एका अक्षराच्या फटीत आजवर कितीतरी बायका-मुली चिरडल्या गेल्या. जिला आधी कळलं तिनेच केलं. मग त्या 'करणं'ची 'करणी' व्हायला कितीसा वेळ लागतो? तूही नकळत हीच गल्लत करते आहेस. आठ वर्षांच्या मुलीने जेवताना एक वाक्य बोललं आणि तासाभराने फोन वाजला. बोलणं आधी, फोन नंतर. पण काका त्या दोन्हींच्या आधीच पडले असतील ना? तुझं वाक्य ही फार तर बातमी होती. पोस्टमनने तार आणली म्हणून माणूस मरत नाही. (तार काय असते ते मम्मीला विचार.)

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. माझी आत्या पायाळू होती, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेली. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी आणि पुरलेलं धन दिसतं अशी आपल्याकडे समजूत, आणि त्याच्यावर वीज पडते अशीही. माझे आजोबा बडोदा संस्थानच्या खानगी खात्यात कारकून, दांडिया बाजारात बिऱ्हाड. आत्या नऊ वर्षांची झाली तशी पादरा गावाकडचे शेतकरी तिला न्यायला यायला लागले. बैलगाडीतून न्यायचे, शेतात अनवाणी उभी करायचे, विचारायचे, बेन, कुठे गार लागतं? पोर दाखवायची, तिथे विहीर खणायचे. पहिल्या दोन विहिरींना पाणी लागलं. मही नदीच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी पाणी लागतं, हे तेव्हा कोणी बोललं नाही. आजीला लुगडं मिळालं, आजोबांना गुळाची ढेप. तिसऱ्या विहिरीला खारं पाणी लागलं. शेतकरी दारात येऊन अद्वातद्वा बोलला, आणि आजीने आत्याच्या थोबाडीत मारली. का, तर 'तू नीट उभी राहिली नाहीस.'

त्यानंतर आत्या कधीही अनवाणी जमिनीवर उभी राहिली नाही. सोवळ्याच्या घरात तिने कापडी सपाता शिवून घेतल्या होत्या. देवघरात एक जोड, स्वयंपाकघरात एक जोड. ब्याऐंशीव्या वर्षी गेली तेव्हा पलंगाखालीही एक जोड नीट लावून ठेवलेला होता. तिला खरंच पाणी कळायचं का, हा प्रश्न मला आयुष्यात फारसा महत्त्वाचा वाटला नाही. शेतात उभी असताना तुझे पाय पोळत होते का गं, असं तिला एकानेही विचारलं नव्हतं, हे मात्र अजून खुपतं.

तुझ्या घरातही मला तेच चित्र दिसतं. दिवाणखान्यात तू सैतानाची, स्वयंपाकघरात तू ज्योतिषी. पप्पा बाहेर काढायला बघतात, मम्मी आणि मावशी आतून काढून घ्यायला बघतात. तुला काय होतं, हे दोन्हीकडे कोणी विचारत नाही.

आता धर्माचं. मी कॅथोलिक नाही, आमच्या घरी गणपती बसतो. पण फतेहगंजमध्ये ख्रिस्ती शेजाऱ्यांबरोबर तीस वर्षं राहिले आणि उत्तर द्यायचं म्हणून थोडं वाचलंही. पप्पांना चर्चच्या बाहेरचं काही पटणार नाही, म्हणून चर्चच्या आतलंच सांगते.

कॅथोलिकांच्या शिकवणीचा १९९२ सालचा जो अधिकृत ग्रंथ आहे, ज्याला तुम्ही कॅटेकिझम म्हणता, त्याच्या २११६ व्या परिच्छेदात भविष्य पाहण्याचे सगळे प्रकार नाकारलेत. पत्रिका, हात बघणं, शकुन, अतींद्रिय दृष्टी, सगळे. पप्पा बहुधा हाच परिच्छेद धरून बसले असतील. पण तो नीट वाच. त्यात निषेध आहे तो भविष्याच्या मागे लागण्याचा, ते जाणून घेऊन काळावर आणि माणसांवर सत्ता मिळवण्याच्या हव्यासाचा. न मागता एखाद्या मुलीला कसलातरी वास येतो, ही गोष्ट वेगळी. खरं सांगू? तो परिच्छेद तुझ्यापेक्षा तुझ्या मावशीला जास्त लागू पडतो. वाडी विकू की थांबू, हे भाचीच्या पोटातल्या कळांवरून ठरवणं म्हणजे काय, हे मावशीने स्वतःच्या फादरना विचारावं. तिथे रोझरी चुकत नाही आणि इथे हा धंदा.

दुसरं. सात माणसांनी तीन तास 'बाहेर नीघ' म्हणणं. तुमच्याच चर्चच्या कायद्यात, ११७२ व्या कलमात, लिहिलंय की भूतबाधेवरचा विधी बिशपांच्या खास आणि स्पष्ट परवानगीशिवाय कोणीही करू नये, आणि ती परवानगीही धर्मगुरूलाच मिळते. कॅटेकिझममध्ये याच्या जोडीला हेही आहे की आजार ही निराळी बाब, ती वैद्यकशास्त्राने बघायची, आणि विधीच्या आधी हा आजार नाही ना याची खात्री करून घ्यायची. आजाऱ्यासाठी सगळ्यांनी मिळून प्रार्थना करणं वेगळं, तुझ्या डोक्यावर हात ठेवून तुझ्यातल्या 'कोणाला' तरी हुकूम सोडणं वेगळं. त्या सातांपैकी कोणाकडे कोणाची परवानगी होती? बडोद्याला १९६६ पासून स्वतःचा धर्मप्रांत आहे, बिशप आहेत. विचारायला कोणी मनाई केली नव्हती.

आणि लूर्दमातेचं काय करायचं? तुमच्या चर्चच्या अंगणातही ती गुहा असेल, समोर मेणबत्त्या लावायची जागा असेल. १८५८ साली फ्रान्समधल्या लूर्द गावची बर्नडेट चौदा वर्षांची होती, दम्याने बेजार, घर इतकं गरीब की जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहायचं. तिला अठरा वेळा मारियामातेचं दर्शन झालं. गावच्या धर्मगुरूंनी आधी विश्वास ठेवला नाही, पोलिसांनी दरडावून विचारलं. चर्चने चौकशी करून १८६२ साली मान्यता दिली, म्हणजे चार वर्षं घेतली. आज तर रोम आणखी सावध झालंय. २०२४ च्या मे महिन्यात व्हॅटिकनने जे नवे नियम काढले त्यांनुसार 'हे दैवीच आहे' असं सहसा जाहीरच करायचं नाही. इतकी मोठी संस्था इतकी बिचकून पावलं टाकते आणि तुझ्या घरी एका संध्याकाळी चहा-बिस्किटांच्या आधी निकाल लागला.

मी तुला बर्नडेट म्हणत नाहीये हं. तसलं ओझं घेऊ नकोस. पण बर्नडेटला कोणी वाडीचा भाव विचारला नव्हता, आणि विचारला असता तर तिने सांगितला नसता, एवढं मला दिसतं.

आता जरा माझ्या धंद्यातलं बोलते. मी चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. कडक घरातली मुलं मला वर्गात पहिल्या आठवड्यात ओळखू यायची. त्यांचे कान वेगळे असतात. बाप जिना चढताना चपला कशा वाजतात यावरून आज काय होणार हे त्यांना कळतं. आईने भाजीला फोडणी देताना झाकण किती जोरात ठेवलं यावरून कळतं. मी फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी मागे कोण रडायच्या बेतात आहे, हे अशीच एखादी मुलगी हळूच येऊन सांगायची. त्याला कोणी अतींद्रिय म्हणत नव्हतं. चेहरे वाचल्याशिवाय ज्यांना घरात निभावता येत नाही, त्यांना ती विद्या येतेच.

त्यात तुमचं घर गाव सोडून आलेलं. अशा घरात वाईट बातमी कशी येते, आठव. काका आजारी आहेत हे गावाला सगळ्यांना ठाऊक असतं, इथे फक्त आई-बापांना, आणि ते मुलांसमोर बोलत नाहीत. दोन दिवस स्वयंपाकघरात कुजबुज चालते. पप्पा रोझरीत एखादी प्रार्थना जास्तीची म्हणतात. मम्मी गावाकडची पिशवी वरून काढून ठेवते. आठ वर्षांची मुलगी पानात भात कालवत असते आणि हे सगळं तिच्या आत कुठेतरी जमा होत असतं. मग ती बोलते, मोठे काका पडले. काकांच्या वेळी नेमकं हेच झालं असं मी म्हणत नाही. मी तिथे नव्हते. पण मम्मीला विचारून बघ, त्या आठवड्यात गावाहून आधी एखादा फोन आला होता का.

पुराचंही तेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दिवस दिवस पाऊस लागून राहिला होता, आजवा तलावाचं पाणी सोडलं होतं, विश्वामित्री नदी पंचवीस फुटांच्या धोक्याच्या खुणेवर चढत होती. २०१९ चा पूर तू पाहिलेला होतास. मगरी रस्त्यावर यायच्या आधीच निम्म्या बडोद्याच्या पोटात गोळा आला होता. माझ्या पोटातही आला, मी पापड-लोणच्यांचे डबे माळ्यावर टाकले. तुझ्या पप्पांनाही आला असणार, म्हणूनच ते ओरडले. जे आपल्याला दिसतंय पण मान्य करायचं नाही, ते पोराने बोलून दाखवलं की माणूस चिडतो. तू बरोबर होतीस. स्कूटर चढवायला हवी होती. एवढ्यासाठी सैतानाची गरज नव्हती.

तरीही उरेल काहीतरी, ज्याचा असा उलगडा होणार नाही. उरू दे. सगळ्याचा उलगडा झालाच पाहिजे असा हट्ट विज्ञानवाल्यांनीही धरू नये आणि तुझ्या पप्पांनीही.

पण एक गोष्ट मात्र उरू द्यायची नाही, आणि पत्रातली ही ओळ वाचून मी थांबले. विझलेल्या मेणबत्तीचा वास, पोटातून वर चढणारं काहीतरी. नसलेला वास क्षणभर येणं, पोटातून लाट उठल्यासारखं होणं, 'हे आधीच घडलंय' असं वाटणं, हे मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून उठणाऱ्या छोट्या फिटचंही लक्षण असू शकतं. फिट म्हटलं की तोंडाला फेस, हातपाय झाडणं एवढंच आपल्याला माहीत असतं. ही फिट अशी असते की शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. तुला ती आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण न्यूरॉलॉजिस्टला दाखवल्याशिवाय पुढचं काहीही ठरवायचं नाही. ईईजी म्हणून तपासणी असते, डोक्याला तारा लावतात, दुखत नाही. सयाजी हॉस्पिटलमध्ये जा, नाहीतर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घे. डॉक्टरांना विचारतील तेवढंच सांगू नकोस. वास किती वेळ राहतो, त्या वेळी समोरचा बोलतो ते कळतं का, नंतर गुंगी येते का, महिन्यात किती वेळा होतं, हे कागदावर लिहून ने. मम्मीला भविष्याचं काही सांगायची गरज नाही. 'मला नसलेले वास येतात आणि तीन रात्री झोप लागली नाही' एवढं सांग. हे शंभर टक्के खरं आहे आणि कोणतीही आई एवढ्यावर उठते.

झोप न येणं, छातीत धडधड, आपण मनात आणलं तर कोणीतरी मरेल अशी भीती सतत घोळणं, यासाठीही माणसं आहेत. १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लाव, फुकट आहे, दिवसा-रात्री केव्हाही, मराठीत बोल नाहीतर गुजरातीत. मोबाइल नाही तर मैत्रिणीच्या घरून लाव. आणि पुन्हा ते सात जण आले, कोणी दाबून धरलं, उपाशी ठेवलं, हात उगारला, तर तू अजून अठराची नाहीस, १०९८ हा मुलांच्या मदतीचा, तुझ्यासाठीच नंबर आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणाऱ्यांविरुद्ध गुजरातने २०२४ साली कायदाही केलाय. तुझे पप्पा त्या थराला जातील असं पत्रावरून वाटत नाही. पण नंबर पाठ असावा.

बंद कसं करायचं, हा तुझा प्रश्न. दारं-खिडक्या लावून घेऊन वास बंद होत नाही. मला वाटतं आधी दुकान बंद कर. मामाचा व्हिसा, मावशीची वाडी, आत्ये-मामे भावंडांचे निकाल, कोणालाही काही सांगायचं नाही. 'होय' नाही, 'नाही' नाही, 'वाटतं' सुद्धा नाही. मावशीला म्हणायचं, 'मावशी, मला माहीत नाही, वकिलाला विचार.' ती म्हणेल, सांग ना गं, कोणाला नाही सांगत. पुन्हा तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्या-चौथ्या फोननंतर ती वकिलाकडे जाईल. वसईत जमिनीचे भाव बघता तिने खरंच जावं. मम्मीला नाही म्हणणं जास्त अवघड, कारण घरात तुझ्याशी गोड बोलणारी तीच एक आहे, आणि ते गोड बोलणं तुटेल अशी तुला भीती. मम्मीशी बोलायला दुसरा विषय काढ. ती गावी असताना काय करायची, पानवेलीच्या मळ्यात काय काम असायचं, हे विचार. ती तासभर बोलेल. तिलाही इथे कादोडीत बोलायला कोण आहे?

फादर म्हणाले कोणाशी बोलू नकोस. चांगल्या हेतूने म्हणाले असतील, गवगवा होऊ नये म्हणून. पण सतरा वर्षांच्या मुलीला अशी गोष्ट एकटीने पोटात ठेवायला सांगणं मला पटलं नाही. कन्फेशनच्या जाळीतून दोन मिनिटांत जे बोलता येत नाही ते बाहेर बसून बोलायला एखादी सिस्टर शोध, शक्यतो शाळेत शिकवणारी, पन्नाशीच्या पुढची. मुली काय काय घेऊन येतात हे तिने पाहिलेलं असतं. तुमच्या परंपरेत अशा अनुभवांची पारख करायला वेळ घ्यायचा, अनुभवी माणसाबरोबर बसायचं, असं शिकवणारे संत होऊन गेलेत. इग्नेशियस लोयोला घे, आविलाची तेरेसा घे. तेरेसालाही तिच्या काही सल्लागारांनी हे सैतानाचं आहे असंच सांगितलं होतं. सिस्टरला हे तुला शिकवावं लागणार नाही, तिला ठाऊक असेल.

आता पप्पा. त्यांच्यावर मला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण गाव सोडलेल्या माणसाचा धर्म गावातल्या माणसापेक्षा कडक होतो, हे मी माझ्याच घरात पाहिलंय. आम्ही गायकवाडांच्या मागून आलेले मराठी. पुण्यात ज्या चालीरीती कधीच सुटल्या त्या आमच्या वाड्यात परवापर्यंत चालू होत्या; पुण्याची सून आली ती म्हणाली, अहो हे आता कोणी करत नाही! आजोबा म्हणाले, म्हणूनच आपण करायचं. तुझ्या पप्पांना वसईत साडेसातच्या रोझरीला दार उघडलं तरी चाललं असतं, कारण दारात येणाराही रोझरीलाच आला असता. इथे ते एकटे किल्ला लढवतायत.

पण तेवढंच नाही. तुझ्या पत्रात एक ओळ तू जाता जाता लिहून टाकलीस. आजीलाही असंच कळायचं, आणि पप्पा ताटावरून उठले. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ताटावरून उठणं म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको, तुमच्या घरी तर जेवणाआधी प्रार्थना होते. तुझ्यावर ते ओरडतात, पण आजीच्या नावावर ते ओरडले नाहीत, उठून गेले. त्या बाईला गावात कोणी काय म्हटलं असेल? घरी पाणी प्यायला यायचं लोकांनी सोडलं असेल का? शाळेतून येताना त्या मुलाच्या मागे पोरं काय ओरडली असतील? हे सगळे माझे तर्क आहेत, चुकीचेही असतील. पण तुझ्या जन्माच्या आधीपासूनची भीती त्या माणसाच्या पोटात आहे, एवढं मला त्या अर्ध्या खाल्लेल्या ताटावरून वाटतं. तो तुला सैतानाच्या तावडीतून सोडवायला बघतोय की गावाच्या जिभेतून, हे त्यालाही सांगता येणार नाही.

म्हणून पप्पांशी तुझ्या वासांबद्दल बोलू नकोस, निदान तपासणी होईपर्यंत. आजीबद्दल बोल. आणि थेट 'आजीला कळायचं का' असंही नको. आजी लाल लुगडं नेसायची का? सुकेळी घरी करायची का, राजेळी सोलून किती दिवस उन्हात ठेवायची? पप्पा स्कूटर पुसत असतील तेव्हा विचार, समोरासमोर बसून नको. बाप लोक हात कामात असले की बोलतात. पहिल्या दिवशी 'काय करायचंय तुला' म्हणतील. आठवड्याने पुन्हा विचार.

राहता राहिली वही. एक साधी चाळीस पानी वही आण, गणिताच्या वह्यांत ठेव म्हणजे कोणी उघडणार नाही. वास आला की तारीख, वेळ, काय कळलं असं वाटलं, ते त्याच वेळी लिही. घडल्यानंतर नाही, आधी. नंतर समोर काय झालं ते लिही, आणि काहीच झालं नाही तर 'काही झालं नाही' असं पूर्ण वाक्य लिही. आपलं मन खरं ठरलेलं जपून ठेवतं आणि चुकलेलं झाडून टाकतं, पाच-सहा वेळा म्हणालीस ते तुला आठवलेले. न आठवलेले किती? ही वही कोणाला दाखवायची नाही, फक्त डॉक्टरांना, त्यांनी मागितली तर.

पहिली नोंद तुझ्याकडे तयारच आहे. अमुक तारीख, सकाळी, वास आला, पप्पा ट्रेनने निघाले. तीन रात्री झोपले नाही. पप्पा परत आले, माझ्यासाठी सुकेळी आणली. पुढे एक ओळ कोरी सोड. सुकेळी लवकर खराब होत नाहीत, डब्यात अजून असतील. आज रोझरी झाल्यावर एक खा, पप्पा समोर असताना, आणि मग ती ओळ भर.

तुझी,
माई